चेतासंधीतील बदल आणि आईवरचा ठपका

राहुरी - आनुवंशिकता हा विषय राहुरीला नवा नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आणि गोठ्यात पिकांचे व जनावरांचे आनुवंशिक गुण पारखण्याचे काम अनेक दशके सुरू आहे. ज्वारीचे कणीस असो वा 'फुले त्रिवेणी' या संकरित गाईचे दूध, कोणता गुण कोठून उतरला, याची चर्चा या परिसरातील शेतकरीही सहज करतो. परंतु घरातले तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, तास न् तास खेळण्यातल्या गाडीचे चाकच फिरवत बसते, असे लक्षात आले की चर्चेची दिशा पालटते. आईने लक्ष दिले नाही, मुलाच्या हातात मोबाइल दिला, गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, तिच्या माहेरीच कोणीतरी 'तसे' होते... हे केवळ राहुरीत नव्हे, महाराष्ट्रात कोठेही ऐकू येते. ठपका ठेवायला कारणांचा तोटा नसतो आणि तो बहुतेक वेळा एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबतो.

ऑटिझम अर्थात स्वमग्नता या अवस्थेबाबत गेल्या दोन दशकांत जे जनुकीय संशोधन झाले, त्याने या ठपक्याचा पायाच काढून घेतला आहे. स्वमग्नतेशी निगडित असलेली अनेक जनुके मेंदूतील दोन चेतापेशी जेथे एकमेकींशी जोडल्या जातात, त्या सूक्ष्म जागेची बांधणी करणारी आहेत, असे या संशोधनातून निष्पन्न झाले. या जागेला चेतासंधी किंवा 'सिनॅप्स' असे म्हणतात. मात्र हेच संशोधन अर्धवट समजले, तर 'वागणुकीचा दोष' जाऊन त्या जागी 'घराण्याचा दोष' येण्याचा धोका आहे. म्हणूनच ते नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

जुना आरोप

स्वमग्नतेचे आधुनिक वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अमेरिकेत केले. सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, भाषेचा वेगळा विकास, ठरावीक कृती पुनःपुन्हा करणे आणि बदल सहन न होणे ही तिची मुख्य लक्षणे. त्यांची तीव्रता व्यक्तिगणिक भिन्न असते. कोणी आयुष्यभर बोलत नाही, तर कोणी उच्च शिक्षण घेऊन नोकरी करतो. त्यामुळेच आता तिला एकच एक विकार न मानता 'वर्णपट' मानले जाते.

कॅनर यांच्यानंतरच्या काळात एका कल्पनेने जोर धरला. आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल स्वतःच्या कोशात जाते, अशी ती कल्पना होती. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने तिला मोठी प्रसिद्धी दिली आणि मातांच्या एका पिढीने विनाकारण अपराधी भावनेचे ओझे वाहिले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. रिमलंड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते.

निर्णायक पुरावा जुळ्या मुलांच्या अभ्यासातून पुढे आला. सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीतील किमान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजांडापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. दोन भिन्न बीजांडांपासून जन्मलेल्या दहा जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई तीच, घर तेच. फरक होता तो जनुकांच्या साम्याचा. पुढे २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राईल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, लोकसंख्येतील स्वमग्नतेच्या संभाव्यतेत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असल्याचे अनुमान निघाले.

लसीकरणामुळे स्वमग्नता येते, हा १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातील एका लेखामुळे पसरलेला समजही असाच खोटा ठरला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

दोन पेशींमधील फट

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या टोकांमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. एका पेशीतून आलेला विद्युत संदेश या फटीपाशी रसायनाचे रूप घेतो, पलीकडच्या पेशीवरील ग्राहक प्रथिने ते रसायन टिपतात आणि संदेश पुढे सरकतो. यातील काही संदेश पुढच्या पेशीला चालना देणारे, तर काही तिला आवर घालणारे असतात. चालना आणि आवर यांचा समतोल राहणे हेच मेंदूच्या सुरळीत कामाचे मर्म होय.

हे काम करण्यासाठी फटीच्या दोन्ही काठांवर शेकडो प्रकारची प्रथिने नेमक्या जागी बसलेली असावी लागतात. काही दोन्ही काठांना एकमेकांसमोर धरून ठेवतात, काही ग्राहकांना आधार देणारा सांगाडा उभारतात, तर काही संदेशाची तीव्रता कमी-अधिक करतात. प्रत्येक प्रथिनाची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एखादे अक्षर बदलले, गळले किंवा मजकुराचा तुकडाच नाहीसा झाला, तर प्रथिन कमी तयार होते, सदोष बनते किंवा बनतच नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बालपणी मेंदूत गरजेपेक्षा जास्त चेतासंधी तयार होतात आणि पुढे त्यांची छाटणी होते. डाळिंबाच्या बागेत फांद्या छाटून झाडाला वळण द्यावे, तसाच हा प्रकार. वापरात येणारे संधी बळकट होतात, न वापरलेले गळून पडतात. ऐकलेली भाषा, पाहिलेले चेहरे, खेळलेला खेळ या साऱ्यांची नोंद याच ठिकाणी होते. माणूस शिकतो, तो चेतासंधींच्या पातळीवर. हा मुद्दा उपचारांच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

कोळ्याच्या विषापासून स्वीडनपर्यंत

या शोधाची एक वाट कोळ्याच्या विषापासून सुरू झाली. 'ब्लॅक विडो' जातीच्या कोळ्याचे विष चेतापेशींच्या टोकांवर कोठे चिकटते, याचा शोध टॉमस स्यूडहोफ आणि त्यांचे सहकारी घेत होते. त्यातून १९९२ मध्ये 'न्यूरेक्सिन' ही प्रथिने हाती लागली. काही वर्षांतच पलीकडच्या काठावरून न्यूरेक्सिनला हात देणारे 'न्यूरोलिजिन' सापडले. दरवाजाची कडी आणि कोयंडा यांसारखी ही जोडी फटीचे दोन काठ समोरासमोर राखते. चेतापेशीतून रसायने नेमक्या क्षणी कशी सोडली जातात, या विषयावरील कार्यासाठी स्यूडहोफ यांना २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तोपर्यंत हा मूलभूत शोध वैद्यकशास्त्रापर्यंत पोहोचला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील टॉमस बुर्जरों आणि स्वीडनचे क्रिस्तोफर गिलबर्ग यांच्या गटाने २००३ मध्ये स्वीडनमधील दोन कुटुंबांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रत्येक कुटुंबात दोन भाऊ स्वमग्नतेच्या वर्णपटावर होते. एका कुटुंबात न्यूरोलिजिन-४, तर दुसऱ्यात न्यूरोलिजिन-३ या जनुकात बदल आढळला. चेतासंधीच्या बांधणीतील जनुकाचा स्वमग्नतेशी थेट संबंध दाखविणारा हा पहिला ठोस पुरावा मानला जातो.

२००७ मध्ये याच गटाने 'शँक-३' या जनुकाकडे लक्ष वेधले. संदेश घेणाऱ्या काठावरील सांगाडा उभारणारे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. बावीसाव्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा गळाल्याने फेलन-मॅकडर्मिड ही अवस्था उद्भवते. अशा मुलांना बोलण्यात गंभीर अडचणी येतात आणि त्यांच्यात स्वमग्नतेची लक्षणे वारंवार दिसतात. गळालेल्या तुकड्यात बहुधा 'शँक-३'चा समावेश असतो.

त्यानंतर माँट्रिअल येथील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये 'सिनगॅप-१' या जनुकातील बदल बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत दाखविले. पुढे त्याचा स्वमग्नता आणि अपस्मार यांच्याशीही संबंध स्पष्ट झाला. हे प्रथिन चेतासंधीवर लगामासारखे काम करते. ते अपुरे पडले, तर चेतासंधी वेळेआधीच पक्व होतात आणि शिकण्यासाठी राखलेला काळ आखडतो, असे उंदरांवरील प्रयोगांत २०१२ मध्ये आढळले. या जनुकावर बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही काम झाले आहे.

याही आधी, १९९१ मध्ये, 'फ्रॅजाइल एक्स' या अवस्थेस कारणीभूत असलेले 'एफएमआर-१' जनुक ओळखले गेले होते. या जनुकातील तीन अक्षरांचा एक गट सर्वसाधारणपणे ४५ पेक्षा कमी वेळा येतो. त्याची पुनरावृत्ती २०० च्या पुढे गेली की जनुक बंद पडते आणि चेतासंधीवर इतर प्रथिनांच्या निर्मितीला आवर घालणारे प्रथिन नाहीसे होते.

गोठ्यातील दृष्टांत

मग स्वमग्नतेचे जनुक सापडले, असे म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. याचे उत्तर विद्यापीठाच्या गोठ्यातच मिळते.

'फुले त्रिवेणी' ही गाय होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन वंशांच्या संकरातून सिद्ध झाली. तिचे दूध कोणत्या एका जनुकामुळे वाढले, असे विचारले तर पशुपैदासतज्ज्ञ हसतील. दुधाचे प्रमाण ठरविण्यात असंख्य जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. त्याच वेळी गाईच्या चौदाव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील एकच बदल दुधातील स्निग्धांशावर ठळक परिणाम करतो, हेही २००२ मध्ये सिद्ध झाले आहे. म्हणजे एकाच गुणामागे असंख्य लहान हातभार आणि एखादा मोठा धक्का, असे दोन्ही प्रकार नांदू शकतात.

स्वमग्नतेचेही असेच आहे. बहुतांश व्यक्तींमध्ये, समाजात सर्वत्र आढळणारे असंख्य लहान जनुकीय फरक एकत्र येऊन संभाव्यता वाढवितात. काही थोड्यांमध्ये मात्र 'शँक-३' किंवा 'सिनगॅप-१' सारख्या एका जनुकातील दुर्मीळ बदल मोठा परिणाम घडवितो. 'शँक-३' मधील बदल स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे एक टक्का वा त्याहूनही कमी जणांत सापडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३५,५८४ व्यक्तींची जनुके वाचण्यात आली. त्यांतील ११,९८६ व्यक्ती स्वमग्न होत्या. या अभ्यासाने स्वमग्नतेशी संबंधित १०२ जनुके निश्चित केली. त्यांपैकी २४ चेतापेशींमधील संदेशवहनाची, तर ५८ इतर जनुकांचे काम चालू-बंद करणारी होती. चेतासंधी हे या कथेतील एक मुख्य ठिकाण आहे, एकमेव नव्हे.

'कोणाकडून आले?'

कुटुंबात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर अनेकदा अनपेक्षित असते. मोठा परिणाम करणारे बहुतेक दुर्मीळ बदल आई किंवा वडील यांच्या रक्ततपासणीत सापडतच नाहीत. ते बीजपेशी तयार होताना अथवा गर्भधारणेच्या सुमारास नव्याने घडलेले असतात. जनुकीय मजकुरात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात आणि त्यांची नक्कल करताना चुका होणे स्वाभाविक आहे. तुम्हा-आम्हा प्रत्येकात असे साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी ठरतात. एखादाच महत्त्वाच्या जनुकावर येऊन पडतो.

आइसलँडमधील कुटुंबांच्या २०१२ मधील अभ्यासाने यात आणखी एक भर घातली. नव्या बदलांपैकी बहुसंख्य बदल पित्याच्या बीजातून येतात आणि पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे त्यांत सुमारे दोनची भर पडते. आईला दोषी धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात, म्हणून आता वडिलांना दोष द्यावा असेही नाही. हा निसर्गाचा ओघ आहे, कोणाची चूक नव्हे.

काही बदल मात्र पिढ्यांतून उतरतात. स्वीडनमधील एका कुटुंबातील बदल आईकडून आला होता, परंतु तिच्यात स्वमग्नतेची लक्षणे नव्हती. ते जनुक एक्स गुणसूत्रावर होते. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाला एकच. मुलींच्या तुलनेत मुलांमध्ये स्वमग्नतेचे निदान तीन ते चार पटींनी अधिक होते. त्यामागच्या कारणांत एक्स गुणसूत्राचा वाटा थोडाच आहे, पूर्ण उलगडा त्याने होत नाही.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहीण-आतेभाऊ विवाहाची चाल आहे. अशा दोघांच्या जनुकांपैकी सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघांकडून एकच सदोष प्रत मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते. मध्यपूर्वेतील नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांच्या २००८ मधील अभ्यासात असेच बदल स्वमग्न मुलांत आढळले. त्यांतील काही जनुके चेतापेशींच्या हालचालीनुसार चालू-बंद होणारी, म्हणजेच शिकण्याशी संबंधित होती. नात्यात विवाह झालेल्यांची बहुसंख्य मुले निरोगी असतात, हे सांगायलाच हवे. परंतु असे कुटुंब पुढच्या अपत्याचा विचार करीत असेल, तर आनुवंशिकतातज्ज्ञाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

अहवालाने काय साधते?

स्वमग्नतेचे निदान जनुकीय तपासणीने होत नाही. ते मुलाचे वागणे पाहून आणि पालकांशी बोलूनच केले जाते. त्यासाठी भारतात ४० मुद्द्यांची भारतीय मूल्यमापन श्रेणी वापरली जाते. जनुकीय तपासणी हा त्यानंतरचा टप्पा आहे. अनेक मुलांच्या अहवालात काहीच सापडत नाही. काहींच्या अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेला बदल सापडतो. तो निदान समजण्याची चूक करू नये. भारतीयांच्या जनुकीय विविधतेची पुरेशी नोंद नसणे हेही अशा शेऱ्याचे एक कारण होते. दहा हजार भारतीयांची जनुके वाचणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाल्याने ही उणीव काही अंशी भरून निघावी.

ज्यांच्या अहवालात निश्चित उत्तर मिळते, त्यांना दोन लाभ होतात. पहिला वैद्यकीय. 'सिनगॅप-१' मधील बदल असेल तर अपस्माराकडे, 'शँक-३' असेल तर मूत्रपिंडाकडेही डॉक्टर आधीपासून लक्ष ठेवू शकतात. दुसरा कौटुंबिक. एक मूल स्वमग्न असल्यास पुढच्या भावंडाबाबतची शक्यता एकूण सुमारे पाचात एक असते. बदल नव्याने घडलेला असल्याचे स्पष्ट झाले, तर त्या बदलाची पुनरावृत्ती होण्याची शक्यता सुमारे एक टक्क्यावर येते. आणि एक तिसरा लाभ, जो कोणत्याही अहवालात छापलेला नसतो. वर्षानुवर्षे 'माझे काय चुकले?' असे स्वतःला विचारणाऱ्या आईला उत्तर मिळते.

थांबू नये

जनुक दुरुस्त करणारे मान्यताप्राप्त औषध स्वमग्नतेसाठी आज उपलब्ध नाही. फ्रॅजाइल एक्सवर मोठ्या आशेने तयार केलेल्या 'मॅव्होग्लुरँट' या औषधाने उंदरांत गुण दाखविला, परंतु माणसांवरील चाचण्यांत ते अपयशी ठरल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे जनुकावर इलाज करण्याचा दावा करून पैसे उकळणाऱ्यांपासून पालकांनी दूरच राहावे.

मात्र त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून एक बोलका निष्कर्ष आला. 'शँक-३' बंद असलेल्या उंदरांत ते जनुक प्रौढ वयात पुन्हा चालू केले, तेव्हा चेतासंधी सुधारले आणि इतर उंदरांशी त्यांचे वागणेही सुधारले. भित्रेपणा आणि हालचालींतील दोष मात्र तसेच राहिले. हेच जनुक कोवळ्या वयात चालू केले, तेव्हा तेही दोष कमी झाले. उंदरावरून माणसाचे अनुमान थेट काढता येत नाही. तरीही मेंदू उशिरापर्यंत बदलू शकतो आणि लवकर केलेल्या प्रयत्नांना अधिक फळ येते, या दोन्ही गोष्टी त्यातून सूचित होतात.

येथेच आधीचा मुद्दा पुन्हा येतो. जनुकातील बदल ज्या चेतासंधीला दुबळा करतो, तोच चेतासंधी बोलण्याने, खेळण्याने, सरावाने घडत असतो. पालकांमुळे स्वमग्नता येत नाही, परंतु पालकांच्या प्रयत्नांनी मुलाच्या विकासाला हातभार निश्चित लागतो. या विधानात विसंगती नाही.

याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. 'संगत' या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, मुलाच्या लयीने त्याच्याशी संवाद कसा साधावा हे पालकांना शिकविले. त्यानंतर मुले स्वतः होऊन संवाद सुरू करू लागण्याचे प्रमाण वाढले. मोठी रुग्णालये नसलेल्या तालुक्यांसाठी हा धडा मोलाचा आहे. गरजही मोठी आहे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करणाऱ्या २०१८ मधील अभ्यासात, सुमारे दर आठ मुलांमागे एकात मेंदूच्या विकासाशी संबंधित एखादी अडचण आढळली होती. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक होते.

राहुरीतून कोठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याअंतर्गत तपासणी पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जातात. शून्य ते १८ वर्षे वयाच्या मुलांची तपासणी आणि संशय आल्यास पुढील उपचारांसाठी संदर्भसेवा, तीही विनामूल्य, अशी योजना आहे. वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोटाने वस्तू दाखवीत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर अंगणवाडी सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे तत्काळ जावे. 'त्याचे वडीलही उशिराच बोलले' या दिलाशावर वर्ष घालवू नये. ऐकू येते की नाही, हे आधी तपासून घ्यावे. भाषेचे आणि व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण अहवालाची वाट न पाहता सुरू करता येते.

स्वमग्नतेचा समावेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळू शकते आणि न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र काढले की मुलावर शिक्का बसेल, या भीतीने अनेक पालक हे हक्क सोडून देतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पेरलेल्या बियाण्यात एखादे रोप वेगळे निघाले, तर तो जमिनीला शिव्या देत नाही. त्या रोपाला पाणी किती लागते, ऊन किती सोसते, हे तो पाहतो. घरातल्या वेगळ्या मुलाकडेही याच नजरेने पाहिले, तर दोष कोणाचा हा प्रश्न मागे पडेल आणि पुढच्या आठवड्यात मुलाला कोठे दाखवायचे, हा खरा प्रश्न समोर येईल.